अलीकडे पाहिलेल्या चित्रपटांपैकी कानात राहिलेले कोणते?

रातकिडा
गेल्या महिन्याभरात दोन अगदी वेगळ्या जातकुळीचे चित्रपट पाहिले आणि दोन्ही डोळ्यांपेक्षा कानांत अधिक राहिले. जोनाथन ग्लेझर यांचा ‘द झोन ऑफ इंटरेस्ट’ (२०२३) ऑशविट्झ छळछावणीच्या कमांडंटच्या घरात घडतो. भिंतीच्या अलीकडे फुलबाग आणि मुलांचा पोहण्याचा हौद आहे. पलीकडच्या हत्या कॅमेरा दाखवत नाही, मात्र गोळ्या, किंकाळ्या आणि भट्ट्यांची घरघर ऐकू येत राहते. कमांडंटची बायको कोणा कैद्याचा फरचा कोट आरशासमोर अंगावर चढवते, खिशात सापडलेली लिपस्टिक सहज ओठांना लावून पाहते. तेथे मी चित्रपट थांबवला आणि बाकीचा दुसऱ्या दिवशी पाहिला. ध्वनीसाठी त्याला ऑस्कर मिळाले, ते सर्वस्वी रास्त वाटते.

दुसरा विम वेंडर्स यांचा ‘परफेक्ट डेज’. टोकियोतील सार्वजनिक स्वच्छतागृहे साफ करणारा हिरायामा (कोजी याकुशो) क्वचितच बोलतो. भांड्याच्या खालची बाजू तो छोट्या आरशात न्याहाळतो आणि गाडीत जुन्या कॅसेटी ऐकतो. त्याची श्रीमंत बहीण मोटारीतून येते, तो प्रसंग मात्र मला नको तितका उलगडून सांगणारा वाटला. आपण अलीकडे काय पाहिले, आणि त्यात आवाजाचा वाटा कितपत होता?

ओसरी
‘तुंबाड’ (२०१८) मी प्रथम लोकलमध्ये, मोबाइलवर पाहिला आणि ‘बरा आहे’ एवढेच म्हणून विसरून गेलो. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत लागला, तेव्हा मित्राच्या आग्रहाखातर गेलो. संततधार पावसाखाली कुजत चाललेला वाडा आणि पिठाची बाहुली घेऊन खाली उतरणारा विनायक हे सारे आधी पाहिलेलेच होते. पण चहूबाजूंनी पाऊस ऐकू येऊ लागल्यावर अंगावरचा सदरा ओला झाल्यासारखे वाटले. एक तक्रार मात्र दोन्ही वेळा कायम राहिली. १९१८ सालच्या कोकणातल्या वाड्यात सगळे हिंदी बोलतात, हे मराठी कानाला शेवटपर्यंत खटकते. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांच्यापुढे बाजारपेठेची अडचण असणार हे समजते, तरी ती आजी मराठीत बोलली असती तर मी रात्री दिवा लावूनच झोपलो असतो.

तिसरी घंटा
थोडे असहमत. परेश मोकाशी यांचा ‘वाळवी’ (२०२३) मी नुकताच पाहिला. नवरा आणि त्याची प्रेयसी मिळून बायकोच्या खुनाचा बेत आखतात आणि तो बेत पदोपदी फसत जातो. येथे सारा खेळ पटकथेच्या बांधणीचा आहे. डोळे मिटून नुसते ऐकत बसलात, तर अर्धी गंमत गेलीच म्हणून समजा. शेवट सांगत नाही, कृपया कोणीही सांगू नये.

माळरान
रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’बद्दल लिहितो, २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात त्याला परदेशी कथापटांसाठीचा सर्वोच्च ज्युरी पुरस्कार मिळाला. वडिलांच्या मृत्यूनंतर दहा दिवसांच्या दुखवट्यासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद आणि त्याचा बालमित्र बाळ्या, एवढीच गोष्ट. भावना कोणती, हे सुचवणारे पार्श्वसंगीत नाही, त्यामुळे नातेवाईक लग्नाचा विषय काढतात तेव्हाची आनंदची गप्प राहण्याची पद्धत नीट ऐकू येते, असे म्हटले तर हसू नका. काही प्रसंग लांबले आहेत, हे मान्य. मात्र घरी गेल्यावर लग्नावरून असेच प्रश्न मलाही विचारले जात असल्याने, मला तो लांबलेपणा खरा वाटला.

रातकिडा
सर्वांचे आभार. ‘वाळवी’बाबतची हरकत मान्य, तो चित्रपट मी भाजी निवडता निवडता पाहिला होता आणि दोनदा मागे न्यावा लागला होता. ओसरी, आपल्याला भयपट रुचत असतील, तर मम्मुट्टी यांचा मल्याळम ‘भ्रमयुगम’ (२०२४) अवश्य पाहावा. पूर्ण कृष्णधवल आहे, आणि त्यातील पडक्या घराचा मालक ज्या सावकाशीने हसतो, ते हसू ऐकण्यासाठी तरी इयरफोन जरा बरे घ्या.