द पॅट्रियटमधला इतिहास किती खरा धरायचा?

धरमपेठवाला:
भाऊ लोकं, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धावरचा द पॅट्रियट (2000, मेल गिब्सनवाला) परत पाहिला. सोबत भाचा होता, चर्चमध्ये गावकऱ्यांना कोंडून पेटवून देतात तो सीन पाहून विचारून राहिला की मामा हे खरंच झालं होतं का. इंग्रज कसे होते ते आपल्याला कोणी शिकवायला नको, जालियनवाला आपल्याकडेच झालं, पण म्हणून न केलेलं पापही त्यांच्या नावावर टाकायचं का? आणि तो जाळपोळ करणारा इंग्रज कर्नल टॅव्हिंग्टन खरा होता का?

इतिहासप्रेमी_महाल:
चर्चचा सीन बनवलेला आहे, त्या युद्धात असं घडल्याची नोंद नाही. जून 1944 मध्ये फ्रान्सच्या ओरादूर गावात नाझी एसएसवाल्यांनी बायका-पोरांना चर्चमध्ये कोंडून मारलं होतं, हे त्याच्यासारखंच वाटतं. टॅव्हिंग्टन बनास्टर टार्लटन या खऱ्या इंग्रज अधिकाऱ्यावर बेतलाय. पिक्चरमध्ये हिरो त्याला मारतो, खरा टार्लटन काउपेन्सच्या लढाईतून (17 जानेवारी 1781) निसटला, नंतर लिव्हरपूलचा खासदार झाला, तिथं गुलामांचा व्यापार बंद करायला विरोध करत राहिला आणि 1833 ला वारला. खरी गोष्ट जास्त संताप आणणारी होती ना, मग बदलली कशाला?

सदरवाला_77:
थोडं सांभाळून घ्या यार, पिक्चर आहे. आणि सगळंच चूक नाही. काउपेन्सला अमेरिकन सेनापती मॉर्गनला माहीत होतं की गावातून गोळा केलेले मिलिशियावाले संगिनी पाहून टिकणार नाहीत, म्हणून त्यानं त्यांच्याकडून फक्त दोन बार मागितले, मारा आणि मागे व्हा. इंग्रजांना वाटलं पळाले, ते रांग मोडून धावत आले अन् समोर कसलेले सैनिक उभे. हा डाव पिक्चरमध्ये मस्त घेतलाय.

बर्डीकर:
डाव बरोबर आहे, पण माणसं कोणती होती ते पहा ना. टार्लटनच्या लिजनचे, म्हणजे त्याच्या तुकडीचे, कोट हिरवे होते, पिक्चरमध्ये लाल केले. कोटाचा रंग मी सोडून देईन, पण त्या हिरव्या कोटातले बहुतेक जण अमेरिकेतलेच, राजाच्या बाजूचे होते, म्हणजे शेजारी शेजाऱ्यावर बंदूक धरून होता. तेच पुसून टाकलं की नुसतं आपण विरुद्ध गोरे उरतं. आपल्या सीताबर्डीचंच घ्या, 26-27 नोव्हेंबर 1817. टेकडीवर इंग्रजांकडून लढणारे बहुतेक मद्रास-बंगालचे देशी शिपाई, आणि आप्पासाहेब भोसल्यांकडून अरब पायदळ चढून आलं, धाकटी टेकडी त्यांनी घेतली पण होती. उद्या कोणी यावर पिक्चर काढला आणि टेकडीवर नुसते गोरे उभे केले तर चालेल का आपल्याला?

वाचक_नंदनवन:
बर्डीकर दादांशी सहमत, अन् मला सगळ्यात जास्त खटकतं ते गुलामांचं. साउथ कॅरोलिनातला जमीनदार दाखवला आणि त्याच्या शेतावर राबणारे म्हणतात आम्ही स्वतंत्र आहोत! ज्या फ्रान्सिस मॅरियन या अमेरिकन सेनानीवरून हे हिरोचं पात्र उचललं त्याच्याकडे गुलाम होते. उलट व्हर्जिनियाचा इंग्रज गव्हर्नर डनमोर, त्यानं नोव्हेंबर 1775 मध्ये जाहीर केलं की बंडखोरांचे जे गुलाम आमच्याकडून लढतील ते मोकळे. त्याला दया आली म्हणून नाही, सैन्य पाहिजे होतं, पण त्या माणसांसाठी दार तर तिकडूनच उघडलं ना. 1783 ला इंग्रज न्यूयॉर्क सोडून निघाले तेव्हा सुमारे 3000 कृष्णवर्णीय माणसं त्यांच्या जहाजांवरून गेली, बहुतेक कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाला. भाच्याला हे नक्की सांगा. यातल्या एखाद्या कुटुंबावर कोणी पिक्चर काढला तर मी पहिल्याच दिवशी जाईन.