तालुका ग्रंथालयाच्या संदर्भ विभागासाठी वैद्यक, विज्ञान आणि सामाजिक धोरणावरील ग्रंथ कसे निवडावेत?

कृष्णाकाठ (प्रश्न)

सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळावर मी आहे. यंदाच्या ग्रंथखरेदीतील काही रक्कम संदर्भ विभागासाठी राखून ठेवण्याचा ठराव मंडळाने केला असून वैद्यक, विज्ञान आणि सामाजिक धोरण या तीन विषयांची यादी तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

आमच्या वाचनकक्षात स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी, परिचारिकेचा अभ्यासक्रम करणाऱ्या मुली, आशा कार्यकर्त्या, शिक्षक आणि ग्रामपंचायत सदस्य येतात. घरातल्या रुग्णाचा तपासणी अहवाल हातात घेऊन ‘याचा अर्थ कुठे वाचायला मिळेल?’ असे विचारणारे नातेवाईकही येतात, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्यांचीच वाटते. विक्रेत्यांच्या याद्यांत घसघशीत सवलतीचे, जाडजूड, रंगीत मुखपृष्ठाचे आरोग्यकोश भरपूर असतात. पण मंडळात या विषयांचा तज्ज्ञ कोणी नसल्यामुळे त्यांतला विश्वासार्ह कोणता आणि नुसता जाड कोणता, हे आम्हांला ओळखता येत नाही. तज्ज्ञ नसलेल्या माणसाला एखादा संदर्भग्रंथ हातात घेऊन पारखता येईल, अशी काही रीत आहे का? इंग्रजी ग्रंथ घ्यावेत की मराठीच पाहावेत? आणि ग्रंथ किती जुना असला तरी चालतो?

ग्रामवैद्य

मी ग्रामीण भागात वैद्यकीय व्यवसाय करतो, म्हणून पहिल्या विषयापुरते लिहितो. आपल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. वैद्यकाचे पुस्तक संपूर्ण वाचून पारखण्याची गरज नसते. ज्या मोजक्या जागी गेल्या काही दशकांत उपचार बदलले आहेत, तेवढ्या उघडून पाहिल्या की ते पुस्तक खरोखर सुधारले गेले आहे की जुनाच मजकूर नव्या कागदावर छापला आहे, हे कळते.

पहिली जागा जलसंजीवनीची. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००२ साली तिचे सूत्र बदलले. आज १ लिटर पाण्यासाठी मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराईड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम, म्हणजे एकूण २०.५ ग्रॅम मिश्रण असते. जुन्या सूत्रात मीठ ३.५ ग्रॅम आणि ग्लुकोज २० ग्रॅम होते. नव्या सूत्रामुळे मुलांच्या उलट्या कमी होतात आणि शिरेतून सलाईन देण्याची वेळ कमी वेळा येते, म्हणून हा फरक केवळ आकड्यांचा नाही. ज्या बालआरोग्याच्या पुस्तकात आजही जुने प्रमाण आहे, त्यातील बाकीचा मजकूरही २००२ नंतर कोणी तपासलेला नसावा, असे समजण्यास हरकत नाही.

दुसरी जागा सर्पदंशाची. जखमेवर चीर द्यावी, रक्त चोखून काढावे, वर घट्ट आवळपट्टी बांधावी, असे सांगणारे प्रथमोपचाराचे पुस्तक फुकट मिळाले तरी घेऊ नये. दंश झालेला अवयव हलू न देता रुग्णाला लवकरात लवकर प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात नेणे, हाच योग्य सल्ला आहे. त्याच प्रकरणात विंचूदंशही पाहावा. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला, आणि ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९८६ साली त्यांचे लेखन प्रसिद्ध झाले. कोकणात झालेले हे काम जगभर मान्य झालेले असताना महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या पुस्तकात त्याचा उल्लेखही नसेल, तर लेखकाने वैद्यकीय वाङ्मय पाहिलेलेच नाही, असा त्याचा अर्थ होतो.

तिसरी जागा क्षयरोगाची. राष्ट्रीय कार्यक्रमात पूर्वी आठवड्यातून ३ दिवस औषधे दिली जात. २०१७ पासून देशभर रोज औषधे देण्याची पद्धत स्वीकारली गेली आणि २०२० मध्ये कार्यक्रमाचे नावही बदलले. परिचारिकेचा अभ्यास करणाऱ्या मुलींच्या हाती जुनी पद्धत पडता कामा नये.

आता खरेदीविषयी. के. पार्क यांचे ‘प्रिव्हेन्टिव्ह अँड सोशल मेडिसिन’ हे जबलपूरच्या बनारसीदास भनोत यांचे इंग्रजी पाठ्यपुस्तक अवश्य घ्यावे. साथरोग, लसीकरण, पोषण, माता-बालआरोग्य आणि शासनाचे राष्ट्रीय कार्यक्रम त्यात एकत्र मिळतात आणि त्याच्या सुधारित आवृत्त्या नियमित निघतात. औषधांच्या माहितीसाठी भारतीय औषधकोश आयोगाची ‘नॅशनल फॉर्म्युलरी ऑफ इंडिया’ घ्यावी; तिची ६वी आवृत्ती २०२१ ची आहे. बाजारातील सूचिपुस्तके व्यापारी नावांनी भरलेली असतात, तर या ग्रंथात औषध मूळ नावाने येते आणि ते कशासाठी द्यावे, कोणाला देऊ नये, दुष्परिणाम कोणते, हे सांगितलेले असते. तिच्या शेजारी २०२२ ची राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांची यादी छापून ठेवावी. तीत ३८४ औषधे आहेत, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध या यादीत आहे का, हे पाहण्याची सवय वाचकांना लागली तर मला फार आनंद होईल.

आहाराच्या बाबतीत हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०१७ ची भारतीय अन्नघटकांची कोष्टके ५२८ खाद्यपदार्थांचे पृथक्करण देतात. ज्वारी, नाचणी, मेथी यांच्याविषयी वाटेल ते दावे करणाऱ्या पुस्तकांच्या तुलनेत हा एकच ग्रंथ पुरेसा आहे. ‘हॅरिसन’ हा वैद्यकाचा मोठा इंग्रजी ग्रंथ मात्र घेऊ नये. तो श्रेष्ठ ग्रंथ आहे, परंतु तो पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी आहे; आपल्याकडे त्याची किंमत जाईल आणि उपयोग होणार नाही.

अहवाल घेऊन येणाऱ्या नातेवाइकांसाठी एक मनापासूनची विनंती आहे. त्यांना ‘घरच्या घरी उपचार’ या धर्तीचे पुस्तक देऊ नये. शरीररचना आणि शरीरक्रिया समजावणारे, तपासण्या कशासाठी करतात हे सांगणारे आणि डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारावेत हे सुचवणारे पुस्तक द्यावे. मधुमेहाचा रुग्ण ‘मुळापासून बरा’ करण्याचे वचन ज्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आहे, ते संदर्भ विभागातच नव्हे, तर देवघेव विभागातही ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या वचनावर विसंबून इन्सुलिन थांबवणाऱ्या रुग्णाच्या जिवावर बेतते.

सूचीपत्र

ग्रंथालय क्षेत्रात आयुष्य गेल्यामुळे मी ग्रंथाच्या बाह्य पारखीविषयी लिहितो. विषय कोणताही असो, मुखपृष्ठ पाहण्यापूर्वी शीर्षकपानाच्या मागील बाजूची मुद्रणमाहिती वाचावी. आपल्याकडे अनेक प्रकाशक पुनर्मुद्रणालाच नवी आवृत्ती म्हणतात, त्यामुळे ‘५वी आवृत्ती, २०२३’ एवढ्यावर विश्वास ठेवू नये. नव्या आवृत्तीला स्वतंत्र प्रस्तावना आहे का, तीत काय बदलले ते सांगितले आहे का, आणि संदर्भसूचीतील सर्वांत अलीकडचे साल कोणते, हे पाहावे. आवृत्ती २०२३ ची आणि सूचीतील शेवटचा संदर्भ १९९४ चा असेल, तर निर्णय आपोआप होतो.

त्यानंतर शेवटची शब्दसूची पाहावी. ज्या ग्रंथाला शब्दसूची नाही, तो चांगला असू शकतो, पण तो संदर्भग्रंथ म्हणून उपयोगी पडत नाही, कारण संदर्भ विभागात वाचक एक प्रश्न घेऊन येतो आणि ५ मिनिटांत त्याला पान सापडावे लागते.

मराठी विश्वकोशाविषयी स्वतंत्रपणे लिहिणे आवश्यक आहे, विशेषतः आपण साताऱ्याचे असल्यामुळे, कारण तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली हे काम आपल्या जिल्ह्यातील वाईतच उभे राहिले. पहिला खंड १९७६ मध्ये आला आणि २० खंड पुरे होण्यास २०१५ उजाडले. एवढ्या दीर्घ काळात निघालेल्या कोशातील सर्व नोंदी एकाच वयाच्या नसतात, हे वाचकाला सांगावे लागते. उष्मागतिकी, वनस्पतींची कुले, शरीररचना, विचारप्रणाली यांवरील नोंदी आजही मराठीत दुसरीकडे मिळणार नाहीत अशा आहेत. औषधोपचार आणि आकडेवारी मात्र तिथून घेऊ नये. विश्वकोश मंडळाने ज्ञानमंडळांमार्फत, म्हणजे विषयवार तज्ज्ञगटांमार्फत, तयार केलेल्या नव्या नोंदी संगणकावर विनामूल्य उपलब्ध आहेत, म्हणून छापील खंडांशेजारीच संगणक ठेवणे योग्य होईल.

कृष्णाकाठ

दोघांचेही आभार. यावरून एक शंका निर्माण होते. वैद्यकाचे ज्ञान इतक्या वेगाने बदलत असेल आणि शासकीय ग्रंथ संगणकावर विनामूल्य मिळत असतील, तर छापील ग्रंथांवर खर्च करावा का, असा प्रश्न मंडळातील तरुण सदस्य विचारतात. सामाजिक धोरणाच्या बाबतीतही तेच म्हणता येईल का?

लोकधोरण

सामाजिक धोरणात परिस्थिती बऱ्याच अंशी उलट आहे. वैद्यकात जुना उपचार टाकून द्यावा लागतो, परंतु धोरणाच्या अभ्यासात जुना मूळ दस्तऐवजच अनेकदा सर्वांत मोलाचा असतो. महात्मा फुले यांनी १८८२ साली शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे मांडलेले निवेदन, छत्रपती शाहू महाराजांची १९०२ ची आरक्षणाची आज्ञा, भोर समितीचा १९४६ चा आरोग्यविषयक अहवाल किंवा महाराष्ट्राचा १९७७ चा रोजगार हमी कायदा हे वाचल्याशिवाय प्राथमिक शिक्षण, प्रतिनिधित्व, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि कामाचा हक्क या चारही गोष्टी आपल्याकडे कशा आल्या, ते समजत नाही. आमच्या भागातील स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी या सर्वांची एकेक ओळ पाठ करतात आणि मूळ मजकूर कधीच पाहत नाहीत, याचे मला दुःख वाटते. म्हणून महाराष्ट्र शासनाने काढलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या लेखनाचे व भाषणांचे खंड आणि फुले यांचे समग्र वाङ्मय हे छापील स्वरूपातच, चांगल्या बांधणीत घ्यावेत. ते जुने होणारे नाहीत आणि शासकीय प्रकाशन असल्यामुळे किंमतही आवाक्यात असते.

आकडेवारीसाठी मात्र विकत घेण्याजोगे फारसे काही नाही. अर्थ व सांख्यिकी संचालनालयाची ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ दरवर्षी अर्थसंकल्पाआधी मराठीत प्रसिद्ध होते, आणि त्याच संचालनालयाचे ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ तालुकानिहाय सिंचन, शाळा, दवाखाने, पशुधन यांची कोष्टके देते. ग्रामपंचायत सदस्यांच्या हाती हे समालोचन प्रथम द्यावे, असे मी सुचवीन. दोन्ही संगणकावरून उतरवून, छापून, बांधून दरवर्षी एकाच जागी ठेवावीत. १० वर्षांचे अंक शेजारी आले की त्यांतून आपोआप तालुक्याचा इतिहास वाचता येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या ५व्या फेरीचे, म्हणजे २०१९-२१ चे, जिल्हापत्रकही असेच छापून घ्यावे.

या विषयावरील पुस्तक पारखण्याची माझी एक ठरलेली जागा आहे, ती म्हणजे दारिद्र्याचे प्रकरण. २०११-१२ साठी तेंडुलकर समितीच्या पद्धतीने भारतात २१.९ टक्के आणि रंगराजन समितीच्या पद्धतीने २९.५ टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली होते. वर्ष एकच, देश एकच, आकडे दोन. जे पुस्तक यांपैकी एकच आकडा पद्धतीचे नाव न सांगता देते, ते सत्ताधारी पक्षाच्या बाजूचे असो वा विरोधी पक्षाच्या, संदर्भ म्हणून ठेवण्यास अपात्र आहे. लोकसंख्येचेही तसेच आहे. २०११ नंतरचा कोणताही आकडा हा अंदाज असतो, आणि चांगला लेखक तसे लिहितो.

कायद्याची पुस्तके घेताना विशेष सावध राहावे. १ जुलै २०२४ पासून १८६० च्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, आणि त्यानंतर जुन्या पुस्तकांचे साठे मोठ्या सवलतीत विकले जात आहेत.

विज्ञानशिक्षिका

विज्ञानाबद्दल थोडेच लिहिते, कारण मूलभूत विज्ञान वैद्यकाइतके झपाट्याने बदलत नाही. विक्रेत्यासमोर उभे राहून तीन गोष्टी पाहाव्यात. प्लूटोचा दर्जा २००६ मध्ये बदलला, ११३, ११५, ११७ आणि ११८ या मूलद्रव्यांना २०१६ मध्ये नावे मिळाली, आणि २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या धातूच्या ठोकळ्यावर नव्हे, तर प्लांकच्या स्थिरांकावर आधारलेली आहे. तीनही ठीक असतील तर कोश सुधारलेला आहे.

मात्र पैसे खर्च करायचे असतील तर आपल्या परिसराच्या विज्ञानावर करावेत, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षीकोश’, सह्याद्रीतील वनस्पतींची सचित्र पुस्तके आणि जिल्ह्याची गॅझेटिअर्स मुले खरोखर उघडतात. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोशही घ्यावेत, कारण इंग्रजीतून शिकणाऱ्या मुलीला मराठीत आणि मराठीतून शिकलेल्या मुलाला इंग्रजीत जाण्यासाठी त्यांचा उपयोग होतो.

सूचीपत्र

संगणक असताना छापील ग्रंथ कशाला, या तरुण सदस्यांच्या प्रश्नावर लिहायचे राहिले होते. ज्या ग्रंथाचा मजकूर दर २-३ वर्षांनी बदलतो आणि जो अधिकृत संस्थेकडून विनामूल्य मिळतो, तो संगणकावर ठेवावा. जो सलग वाचावा लागतो, ज्यातील आकृत्या शेजारी ठेवून अभ्यास करावा लागतो, किंवा जो वाचकाला शोधताच येणार नाही, तो छापील घ्यावा. संशोधन नियतकालिके संगणकावर उपलब्ध करून देणारी केंद्र सरकारची २०२५ पासूनची ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना शासकीय उच्च शिक्षण व संशोधन संस्थांपुरती आहे. त्या नियतकालिकांचा लाभ सार्वजनिक ग्रंथालयांना मिळत नाही, हेही मंडळाला सांगावे. तालुक्यात शासकीय महाविद्यालय असेल, तर तेथील ग्रंथपालांशी बोलून ठेवावे.

शेवटी, नव्या खरेदीसोबतच जुन्याचे निर्लेखनही करावे, म्हणजे निरुपयोगी ग्रंथ संग्रहातून रीतसर कमी करावेत. कालबाह्य औषधकोश आणि रद्द झालेल्या कायद्यांची पुस्तके कपाटात तशीच राहिली, तर वाचक नेमकी तीच उचलतो. ठराव करून, दाखल नोंदवहीत शेरा मारून आणि निर्लेखनाची विहित कार्यपद्धती पाळून ती बाजूला काढावीत. इतिहास म्हणून ठेवण्याजोगी असतील त्यांच्या पहिल्या पानावर ‘उपचारासाठी वापरू नये’ किंवा ‘हा कायदा आता लागू नाही’ असा शिक्का ठळकपणे मारावा. यादी तयार झाल्यावर ती येथे टाकावी. विक्रेत्याला मागणीपत्र देण्यापूर्वी प्रत्येक ग्रंथाचे साल आणि आवृत्ती तपासून देण्यास मी तयार आहे.