व्हायब्राफोनवर एकट्याने वाजवण्यासाठी जॅझ रचना कशी बांधावी?

स्वरपेटी (प्रश्न)

नमस्कार. लहानपणी हार्मोनियम शिकल्यामुळे धून बसवणे मला अवघड जात नाही, आणि काही वर्षांच्या अभ्यासानंतर व्हायब्राफोनवर (धातूच्या पट्ट्यांच्या वाद्यावर) दोन मॅलेटांनी, म्हणजे वाजवायच्या काठ्यांनी, केलेले जॅझचे एकेरी वादनही बऱ्यापैकी जमू लागले आहे. मात्र साथीला बेस किंवा पियानो नसताना चार मॅलेटांनी संपूर्ण रचना वाजवायला घेतली, की धुनेच्या प्रत्येक स्वराखाली भरगच्च कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) ठेवण्याच्या प्रयत्नात लय अडखळते. शिवाय पेडल दाबून ठेवले तर सगळे स्वर एकमेकांत मिसळून गढूळ होतात. मांडणीची सुरुवात कोठून करावी?

मध्यलय

चारही मॅलेट सतत वापरलेच पाहिजेत, ही कल्पना प्रथम सोडावी, असे मी आग्रहाने सुचवेन. प्रचलित व्हायब्राफोन तीन सप्तकांचा असतो आणि तो मध्य सीच्या खालच्या एफपासून सुरू होतो. त्यामुळे पियानोसारखा खर्ज येथे मिळत नाही, आणि धून मधल्या सप्तकात ठेवली तर तिच्याखाली जागाच उरत नाही. म्हणून धून बहुधा एक सप्तक वर न्यावी आणि तिच्याखाली सुरुवातीला कॉर्डचे फक्त मूळ स्वरापासून (ज्यावरून कॉर्डला नाव मिळते त्या स्वरापासून) मोजलेले तिसरा आणि सातवा हे दोनच स्वर ठेवावेत. उदाहरणार्थ, सी मायनर सेव्हन, एफ सेव्हन आणि बी फ्लॅट मेजर सेव्हन हे तीन कॉर्ड ओळीने घेतले, तर पहिल्यावर ई फ्लॅट आणि बी फ्लॅट येतात. दुसऱ्यावर ई फ्लॅट तसाच राहून बी फ्लॅट अर्ध्या स्वराने ए वर उतरतो. तिसऱ्यावर ए तसाच राहून ई फ्लॅट डी वर उतरतो. दर वेळी एकच स्वर बदलत असल्याने हात जवळजवळ जागचा हलत नाही, आणि लय सांभाळायला मन मोकळे राहते. कॉर्डचा मूळ स्वर धून थांबते तेथे किंवा कॉर्डची दिशा बदलते तेथेच द्यावा. ऐकणाऱ्याचा कान तो पुढे धरून ठेवतो. स्केल निवडतानाही याचा विचार करावा, कारण रचना एफ किंवा जी वर संपत असेल तर शेवटचा मूळ स्वर वाद्याच्या तळाशी मिळतो.

नादरेषा

वरील सल्ला योग्यच आहे, परंतु गढूळपणाचे मूळ पेडलमध्ये आहे. हार्मोनियमची पट्टी सोडली की स्वर आपोआप थांबतो, तर व्हायब्राफोनवर पेडल दाबलेले असताना प्रत्येक स्वर केव्हा थांबवायचा हे वादकालाच ठरवावे लागते. पेडल सोडल्यास सगळेच स्वर बंद होतात. एकच स्वर बंद करून बाकीचे वाजते ठेवायचे असतील, तर मॅलेट त्या पट्टीवर हलकेच टेकवावी लागते. पेडल दाबून ठेवून सी वाजवावा, मग डी वाजवताना त्याच क्षणी दुसऱ्या हाताची मॅलेट सी वर टेकवावी, आणि अशा रीतीने संपूर्ण सप्तक अतिशय संथ लयीत चढावे व उतरावे. रोजच्या सरावात सर्वाधिक वेळ मी यालाच देईन. व्हायब्राफोनवादक डेव्हिड फ्रीडमन यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेले अभ्यासाचे पुस्तक नेमके याच तंत्रावर आहे. अशा वादनात मोटर (स्वराला कंप देणारी यंत्रणा) बंद ठेवावी.

चारदांडी

व्हायब्राफोनवादक गॅरी बर्टन यांचा १९७१ मध्ये ध्वनिमुद्रित झालेला ‘अलोन ॲट लास्ट’ हा अल्बम अवश्य ऐकावा. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील लहान गावात वाढताना सोबत वाजवणारे कोणी नसल्यामुळे त्यांनी चार मॅलेटांनी साथ स्वतःच भरायला सुरुवात केली होती, त्यामुळे आपला प्रश्न त्यांचाही होता. त्याबरोबरच दोनच मॅलेट वापरणारे व्हायब्राफोनवादक मिल्ट जॅक्सनही ऐकावेत, कारण धून श्वासासारखी कोठे सोडायची हे त्यांच्याकडून अधिक शिकता येते.

स्वरपेटी

सर्वांचे मनापासून आभार. आठ मात्रांचा तुकडा घेऊन आधी केवळ धून आणि दोन स्वर, आणि ते स्वच्छ थांबवता आल्यानंतरच मूळ स्वर, या क्रमाने आजपासून सुरुवात करतो.