पाटल्यांची लगड

'बंगलेवाल्यांना विमा असतो, हळहळ कशाला?' असं घरफोड्यांबद्दल कुणीतरी लिहिलंय, ते मला अजिबात पटलं नाही. नेरुळला आत्याकडे घरफोडी झाली. पैशाला कमी नाही त्यांना, पण आजीच्या पाटल्या गेल्या. विम्यासाठी त्यांची पावती कुठून आणणार? चोर सापडला, तोवर सोनं वितळवून त्याची लगड केलेली. ती लगडही मुद्देमाल म्हणून जमा, कोर्टात अर्ज करूनच मिळाली. असा ऐवज गरजेपेक्षा जास्त काळ अडकवू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलंय, तरी चौदा महिने लागले.

आणि पहिला संशय कुणावर? धुणीभांडी करणाऱ्या मावशींवर. दोन दिवस चौकशीला बसवलं त्यांना. आत्या स्वतः जाऊन त्यांना घेऊन आली. दोघीही अजून रात्री दचकून उठतात.