विषय: मारबतच्या फिल्ममधली गाणी – गुरुवारपर्यंत ठरवायचं आहे

नमस्कार मंडळी,
नागपूरच्या मारबतवर, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ईडा पीडा घालवायला निघणाऱ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीवर, आपण केलेल्या फिल्मसाठी महोत्सवाचा फॉर्म आला. ‘चित्रपटातल्या सर्व संगीताची लेखी परवानगी आमच्याकडे आहे’ याखाली अध्यक्षांची सही हवी आहे, आणि अध्यक्ष म्हणतात आधी कागद दाखवा. अडलंय तिथेच, जिथे अडेल असं दिवाळीच्या मीटिंगमध्ये बोलणं झालं होतं: सुरुवातीची जुनी रेकॉर्ड, इतवारीतला डीजे आणि शेवटचं खंजिरी भजन. रेकॉर्डचं मी बघते. डीजेचं काय करायचं ते कृपया इथेच लिहा, व्हॉट्सॲपवर नको, तिथे सगळं वाहून जातं.
– ताई, सांस्कृतिक समिती

---

ताई,
डीजे आपण लावला होता का? रस्त्यावर वाजून राहिला होता, आपण कॅमेरा घेऊन उभे होतो. काळी मारबत 1881 पासून निघून राहिली, पिवळी 1885 पासून, त्यांना कोणी कागद मागितला? धार्मिक मिरवणुकीत गाणं वाजवायला परवानगी लागत नाही, हे भाच्यानं कायद्यात वाचून सांगितलं. आणि तीस सेकंदांपर्यंत तर कोणतंही गाणं चालते. खाली गाण्याचं नाव देऊन टाकू, संपलं.
– महालवाले भाऊ

---

भाऊ,
भाच्यानं वाचलं ते बरोबर आहे, पण पुरतं नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये धार्मिक समारंभात गाणं वाजवायला मुभा आहे, लग्नाची वरातसुद्धा त्यात धरली आहे. ती मुभा वाजवणाऱ्याला. आपण तोच आवाज फिल्मवर चढवून लोकांना वाटणार, ही वेगळी गोष्ट झाली. फिल्ममध्ये मागे सहज दिसणारं चित्र किंवा चौकातला पुतळा यांना याच कलमात सूट आहे. मागे सहज ऐकू येणाऱ्या गाण्याला तिथे सूट नाही. तीस सेकंदांचा नियम कायद्यात कुठेही नाही. नाव देणं चांगलंच, पण ती परवानगी होत नाही.

परवानग्या दोन लागतील. शब्द आणि चाल ज्यांच्या मालकीची त्यांची एक, ध्वनिमुद्रण ज्यांचं त्यांची दुसरी. आयपीआरएस (गीतकार-संगीतकारांची संस्था) आणि पीपीएल (रेकॉर्ड कंपन्यांची संस्था) यांच्याकडून मिळतो तो सभागृहात वगैरे वाजवण्याचा परवाना. फिल्ममध्ये गाणं बसवायचं तर मूळ मालकालाच विचारावं लागतं, सिनेमाच्या गाण्यांच्या बाबतीत तो बहुधा म्युझिक कंपनी. त्या तुकड्यात डीजे लागोपाठ तीन गाणी वाजवतो. गुरुवारपर्यंत हे होणार नाही. डीजेचा आवाज काढून टाका.
– धंतोलीचे काका

---

काका, आवाज काढा म्हणणं सोपं आहे. काळी आणि पिवळी समोरासमोर येतात तोच तो तुकडा. तिथे शांतता टाकली तर बघणाऱ्याला वाटेल स्पीकर बिघडला. गर्दीचा आवाज आणि डीजे एकाच माइकवर आहेत, वेगळे होत नाहीत, मी करून बघितलं आहे. जागनाथ बुधवारीतून पिवळी निघाली तेव्हाचं संदल, म्हणजे मिरवणुकीतलं ढोलांचं वादन, मात्र वेगळ्या रेकॉर्डरवर स्वच्छ मिळालं आहे, ते खाली लावता येईल. आणि मूळ फाइल्स कृपया कोणी परस्पर मागू नका. मागच्या वेळी दोन आवृत्त्या झाल्या आणि गणपतीत चुकीची दाखवली गेली.
– एडिटिंगवाला

---

संदलच लावा रे! आमचं माहेर इतवारीतलं. गॅलरीत उभं राहिलं की आधी संदल ऐकू यायचं, मग ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’, आणि आई म्हणायची, हं, घरातली खोकला-खरूज आता हिच्याबरोबर गेली. त्याच दिवशी तान्हा पोळा. लाकडी बैल घेऊन आम्ही घरोघरी बोजारा, म्हणजे पोळ्याचे पैसे, मागायला जायचो, संध्याकाळी पैसे मोजताना भावंडांची भांडणं. फिल्ममध्ये बोजाऱ्याचा एक शॉटही नाही, हे मी आधीही लिहिलं होतं. त्याचा विचार व्हावा.
– काकू, धरमपेठ

---

काकू, तुमच्या वेळचं खरं. पण आजच्या मारबतीत डीजे आहे नं. ज्या पोट्ट्यांना आपण नाचताना दाखवून राहिलो ते डीजेवर नाचून राहिले, त्यांच्या पायाखाली संदल टाकलं तर ते खोटं होईल. माझं म्हणणं, तिथे संदल लावलं तर पडद्यावर तसं लिहा. नाही तर तो नाचच काढा.
– महालवाले भाऊ

---

भाऊंचं पटतं. पडद्यावर लिहू. नाच काढणार नाही.
– एडिटिंगवाला

---

भजनाबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. संतांचं आहे म्हणून मोकळं, असं धरू नका. भजन तुकडोजी महाराजांचं, आणि ते 1968 साली गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो, म्हणजे 2028 संपेपर्यंत. आपल्या भजनी मंडळानं स्वतः गायलं, त्यामुळे रेकॉर्डिंगचा प्रश्न सुटला, शब्दांचा नाही. मोझरीला गुरुकुंजात, महाराजांच्या आश्रमात, पत्र देऊन हक्क कोणाकडे आहेत ते विचारू. गायलेल्यांच्या सह्याही घ्या. फिल्मसाठी कलाकारानं एकदा लेखी संमती दिली की नंतर तो वाद राहत नाही. संदलवाल्यांचंही तेच, ताल परंपरेतला असला तरी वाजवलं त्यांनी आहे.
– धंतोलीचे काका

---

रेकॉर्डचा निकाल लागला. ती 1960 ची. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षांचा, तो 2020 अखेर संपला. पण संगीतकार 1990 नंतर गेले, चाल त्यांच्या वारसांची किंवा कंपनीची आहे. शिवाय आपण फिल्म अमेरिकेतही दाखवणार, आणि अमेरिकेच्या 2018 च्या कायद्यानं तेवढ्या जुन्या रेकॉर्डिंगना 2067 पर्यंत संरक्षण आहे. म्हणून ती काढते. सुरुवातीला काकूंच्या आवाजातली ‘ईडा पीडा’ची हाक ठेवू, त्यांनी हो म्हटलं आहे. भजन मोझरीचं उत्तर येईपर्यंत बाहेर. आलं तर यूट्यूबच्या आवृत्तीत.

भाऊ, तुम्ही नागपुरात आहात तोवर संदलवाल्यांकडे सह्यांना जाल का? फॉर्म मराठीत करून पाठवते. त्यांना मानधन द्यायचं आहे, ते चित्रपटाच्या खात्यातून की सांस्कृतिकच्या, हे खजिनदारांनी आजच सांगावं.
– ताई

---

जातो. मानधन सह्यांच्या आधी हातात पडलं पाहिजे, नंतर नाही. पोरं रोजंदारी सोडून वाजवतात.
– महालवाले भाऊ