लग्न रद्द होतं का, की घटस्फोटच घ्यावा लागतो? बहिणीसाठी विचारतोय (नागपूर)

लहान बहिणीचं लग्न फेब्रुवारीत झालं, इथेच नागपूरला, मुलगा अमरावतीचा. बायोडेटात स्पष्ट 'प्रथम वर' लिहिलं होतं. मागच्या महिन्यात कपाट आवरताना तिला जुनं रेशनकार्ड सापडलं, त्यावर पत्नी म्हणून दुसऱ्याच बाईचं नाव. विचारलं तर सासू म्हणे, ते केव्हाच सुटलं. ती त्याच रात्री माहेरी आली. आता तिकडून फोनवर फोन येऊन राहिले आणि आमचे काका म्हणतात पाठवून द्या, वर्षभर बघा, नाही जमलं तर घटस्फोट घेऊ. पोरगी दोन घास धड खात नाहीये, काय करू?

प्रतिसाद १
दादा, तिला अजिबात पाठवू नका. वर्षभर थांबायची अट घटस्फोटाला आहे, लग्न रद्द करायला नाही. उलट हिंदू विवाह कायदा १९५५ च्या कलम १२ मध्ये फसवणूक कळल्यापासून १ वर्षाच्या आत अर्ज टाकावा लागतो, आणि कळल्यावरही ती स्वखुशीनं त्याच्यासोबत नवराबायकोसारखी राहिली तर हा मार्गच बंद होतो. काकांना हे नीट समजावून सांगा.

आता 'सुटलं' म्हणजे काय ते आधी काढा. कोर्टाचा हुकूमनामा आहे का? असेल तर पहिलं लग्न लपवलं म्हणून कलम १२. नसेल तर पहिली बायको हयात असताना केलेलं हे लग्न मुळातच शून्य, कलम ११, त्याला मुदत नाही, शिवाय त्याच्यावर फौजदारी केस होते. स्टॅम्पपेपरवरची सोडचिठ्ठी दाखवतील, तिच्यावर जाऊ नका, जातीत तशी प्रथा असल्याचं त्यांना कोर्टात सिद्ध करावं लागतं.

प्रतिसाद २
मी यातून गेलेय म्हणून सांगते ताईला. केस नागपूरच्या फॅमिली कोर्टातच टाकता येते, अमरावतीच्या चकरा नाहीत. सुनावणी बंद खोलीत होते, मला याचीच जास्त भीती होती, चार लोकांसमोर सगळं बोलावं लागेल म्हणून. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बाईला फुकट वकील मिळतो, कमाई कितीही असो. आणि पोटगी लग्न रद्द झालं तरी मागता येते, ते सोडू नका.

प्रश्नकर्ता
खूप आभार जी. रेशनकार्ड तिकडेच राहिलं, मोबाईलमधे फक्त फोटो आहे. चालेल का?

प्रतिसाद १
चालेल, पण ज्या मोबाईलनं काढला तो विकू नका, फॉरमॅट मारू नका, फोटोसोबत कोर्टात सर्टिफिकेट द्यावं लागतं. बायोडेटा आणि मध्यस्थाचे मेसेज पण आजच काढून ठेवा.