मदत हवी आहे : बजी, रॉरी गॅलाघर... आणखी कोण?

नमस्कार मंडळी, जुन्या, फारशा माहीत नसलेल्या रॉक बँड अन् गिटारवादकांवरून भाच्याशी पैज लागली आहे, मदत करा. परवा धरमपेठेत तर्री-पोहे खाता खाता त्यानं मोबाइलवर 'ब्रेडफॅन' हे गाणं लावलं आणि म्हणाला, "मामा, मेटॅलिका बँडचं हे ऐका." म्हटलं, बाप्पा, हे मूळ बजी बँडचं, 1973 सालचं! वेल्समधल्या कार्डिफचे तिघं जण, त्यातला बर्क शेली बेस गिटारही वाजवायचा अन् गायचाही. पोराला नावच माहीत नाही. पोहे तसेच राहिले, तर्रीचा तवंग पार गोठला.

मग त्याला आयर्लंडचा गिटारवादक रॉरी गॅलाघर दाखवला. त्याच्या 1961च्या स्ट्रॅटोकॅस्टर गिटारचा रंग इतका उडालेला की आतलं लाकूड दिसतं. नवी गिटार घासून जुनी करणाऱ्यांनी बघावी एकदा. 1974च्या आयर्लंड दौऱ्यातलं त्याचं लाइव्ह वाजवणं ऐकून पोरगं गप्प झालं.

आता रविवारी त्याला अशी आणखी पाच नावं ऐकवायची आहेत. आपल्याकडचेही सांगा, मुंबईचा रॉक बँड इंडस क्रीड माझ्या यादीत आहे. नागपूरचा एखादा जुना कॉलेज बँड आठवतो का कुणाला? आणि सीताबर्डीकडे जुन्या रेकॉर्ड कुठं मिळतात? ऑनलाइन मागवायला जीव होत नाही, मागची वाकडी होऊन आली.